बनुबाईचं बरं होणं

सांगलीच्या गावभागात माझा दवाखाना होता. छत्तीस साली एल. सी. पी. एस. होऊन मी तिथं बसलो आणि पुढं पस्तीस वर्षं त्याच खुर्चीत काढली. हिवताप, विषमज्वर, अडलेली बाळंतपणं, गळवं, विंचू. मनाच्या आजाराचं शिक्षण म्हणाल, तर कॉलेजात त्यावर दोन व्याख्यानं झाली होती आणि त्यातलं एक मी चुकवलं होतं. बनुबाईबद्दल लिहायला बसलो आहे, तर हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

चव्वेचाळीस सालच्या मार्चमध्ये, सकाळचे रोगी संपत आले असताना, तिशीतला एक माणूस एका बाईला दंडाला धरून आत घेऊन आला. त्याचं नाव कृष्णात. माधवनगरच्या एका लहानशा कापड-कारखान्यात तो मागावर होता. बाई त्याची धाकटी बहीण, बनुबाई. दोघं माधवनगरहून चालत आले होते. त्यानं तिचं वय एकवीस सांगितलं. मला ती पस्तिशीची वाटली. गालाची हाडं वर आलेली, केस कात्रीनं कसेतरी कापलेले. ती माझ्याकडं बघत नव्हती, भावाकडंही नाही. डाव्या घोट्याभोवती गोल जखम होती, कडेनं काळी पडलेली, मधे ओली.

"हे कशानं झालं?" मी विचारलं.

कृष्णातनं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. मग म्हणाला, "दाव्यानं. गोठ्यात बांधली व्हती, डाक्टर. तीन म्हैने."

मी जखम धुतली, आयोडीन लावलं. आयोडीन लावताना भलेभले गडी ओरडतात. तिनं पाय मागंसुद्धा घेतला नाही.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं कळलं. काही कृष्णातकडून, काही त्याची बायको मनुबाई हिच्याकडून आणि बरंच नंतर बनुबाईच्या स्वतःच्या तोंडून. तिच्या सासरच्या गावाचं नाव लिहीत नाही. वाईच्या खाली कृष्णाकाठी आहे, एवढं पुरे.

ती मूळची बुधगावची. तिचा बाप आणि सासरा तात्याबा पहिल्या लढाईत एकाच पलटणीत होते, बसऱ्याला एका तंबूत राहिलेले. म्हणून ही सोयरीक इतक्या लांब जुळली. अडतीस साली लग्न झालं. नवरा सयाजी उंचापुरा, बोलघेवडा, मोटारीच्या नादाचा. चाळीस साली तो मिलिटरीच्या मोटार-कंपनीत ड्रायव्हर म्हणून भरती झाला आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला बोटीनं मलायाला गेला. तो गेल्यावर सहा महिन्यांनी बनुबाईला मुलगी झाली. तिचं नाव हौसा. मुलगी झाल्याचं पत्र बापाला पोचलं की नाही ते कळायला मार्गच राहिला नाही. बेचाळीसच्या फेब्रुवारीत सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं आणि ऐन उन्हाळ्यात सरकारी कागद आला. सयाजी बेपत्ता.

मेला असं कागदात नव्हतं. त्यामुळं घरात रडायला बंदी झाली. "रडलं की त्यो मेला असं व्हतंय," तात्याबा म्हणाला. बनुबाईनं रोज कुंकू लावायचं, बांगड्या भरायच्या. पण हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवेना. आणि विधवांच्यात बसावं, तर तिथंही ती बसणार कशी?

सयाजीनं जाताना आपल्या पगारातला हिस्सा बायकोच्या नावानं लावून दिला होता. तो बेपत्ता झाल्यावरही मनिआर्डर येत राहिली. दर महिन्याला वाईचा पोस्टमन विष्णुपंत सायकलवरून यायचा, ओट्यावर बसून फॉर्म काढायचा, बनुबाई अंगठा द्यायची आणि नोटा सासऱ्याच्या हातात ठेवायची. उसाचं घर, पण गुळाचा पैसा वर्षातून एकदा. महिन्याच्या महिन्याला रोकड यायची ती तिच्या अंगठ्यावर. धाकटा दीर नाथाजी याचं लग्न त्याच पैशांतून झालं, विहिरीचं कामही त्याच्यावरच निघालं. त्यामुळं तिचं माहेरी जाणं बंद झालं. कृष्णात दोनदा न्यायला गेला, दोनदा रिकामा परतला. "मनिआर्डर चुकंल," एवढंच उत्तर.

त्रेचाळीसच्या पावसाळ्यात हौसाला डांग्या खोकला झाला. गावात औषध नव्हतं, ओढ्यांना पाणी होतं आणि शेतात तण काढायचे, भांगलणीचे दिवस होते. सासू धोंडुबाईनं आल्याचा रस दिला, मध चाटवला. अकराव्या दिवशी मुलगी गेली. दोन वर्षांची होती. तेव्हाही तात्याबा म्हणाला, "आता जास्त रडू नगा." सवयच लागली होती.

बनुबाई मुलीच्या बाराव्यापर्यंत सगळं काम करत होती. मग तिची झोप गेली. धान्याच्या कणगीतून तिला खोकला ऐकू यायला लागला. ती कणगीत हात घालून चाचपायची. पुढं जेवण सुटलं, बोलणं सुटलं. एकदा नदीवर धुणं टाकून ती सरळ पाण्यात गेली, गळ्यापर्यंत. बायकांनी ओढून काढली. भगत आला, बाहेरचं आहे म्हणाला, निंबाच्या फोकानं मारून गेला. ती आठ दिवसांनी पुन्हा नदीत गेली.

तेवढ्यात गुऱ्हाळ लागलं. ऊस तोडायचा, रस गाळायचा, चुलवण धगधगतं ठेवायचं. घरातलं प्रत्येक माणूस पहाटेपासून मळ्यात. तिच्यापाशी बसायचं कुणी? एका माणसाला घरी बसवायचं म्हणजे एक गडी मजुरीनं लावायचा. तात्याबा दुष्ट माणूस नव्हता. मी त्याला पुढं भेटलो, म्हणून सांगतो. त्यानं एक रिकामं दावं आणलं आणि तिला गोठ्यातल्या मेखेला बांधलं. धोंडुबाई म्हणाली, "मोकळी सोडली तर नदीत मरंल," आणि बांधताना रडली. रोज सकाळी गोठ्यात भाकरी ठेवून ती मळ्यात जायची.

मनिआर्डरचा दिवस आला की तिला सोडायचे. अंघोळ घालायचे, धुतलेलं लुगडं नेसवायचे, कुंकू लावून ओट्यावर आणून बसवायचे. धोंडुबाई तिचा हात धरून अंगठा शाईत बुडवायची. पहिल्या दोन वेळा विष्णुपंत काही बोलला नाही. तिसऱ्या वेळी त्यानं लुगड्याच्या काठाखाली पाय पाहिला. "बाई, बऱ्या आहात ना?" त्यानं विचारलं. बनुबाईनं त्याच्या पिशवीकडं बघून विचारलं, "हौसाचं पत्र आलं का?"

त्या संध्याकाळी विष्णुपंतानं कृष्णातला कार्ड टाकलं. भगिनीची प्रकृती बरी नाही, शक्य तितक्या लवकर येऊन जावे, आणि हे मी लिहिल्याचे कृपया कोणास सांगू नये. त्याला तिची दया आली होती हे खरं. पण शुद्धीवर नसलेल्या बाईचा अंगठा घेतला म्हणून उद्या आपली नोकरी जाईल, ही धास्तीही होती. हे त्यानंच पुढं कृष्णातला सांगितलं. मला त्यात काही वावगं वाटत नाही. धास्तीनं का होईना, माणसानं कार्ड टाकलं.

कृष्णात रेल्वेनं वाठारला उतरला आणि मिळेल त्या गाडीनं गावात पोचला. बहीण गोठ्यात बघून त्यानं आधी दावं कापलं, मग तात्याबाच्या समोर जाऊन उभा राहिला.

"मामा, माझ्या बापानं म्हस दिलीती का तुमास्नी?"

तात्याबा म्हणाला, "बस. पानी पी. तुझ्या बहिनीला कुनी मारलं न्हाई. जिती ठिवली हाय."

"मी न्हेतो तिला."

"आन् मनिआर्डर?"

बरीच बोलाचाली झाली. शेवटी कृष्णातनं कबूल केलं की मनिआर्डर माधवनगरला फिरवून घ्यायची आणि आली की सगळीच्या सगळी तात्याबाकडं धाडायची. एक रुपयाही ठेवायचा नाही. तेव्हा कुठं त्यांनी तिला सोडलं. म्हणजे तिला खायला घालायचं ते कृष्णातनं, आपल्या मागाच्या मजुरीतून, लढाईच्या महागाईत.

मी तिला तपासलं. रक्त अगदी कमी, पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली, जुना हिवताप असावा. लोहाचं मिक्श्चर दिलं, हिवतापावर कोयनेल दिलं, झोपेसाठी ब्रोमाइड. आणि मग पुस्तकात असतं तसं सांगितलं, "रोज शेरभर दूध, दोन अंडी, सहा महिने पूर्ण विश्रांती, आणि मनाला कसली काळजी नको."

मनुबाई दुसऱ्या खेपेला बरोबर आली होती. कृष्णातची बायको, काळीसावळी, ठसठशीत. ती हसली. रागानं नाही, खरंच हसू आलं म्हणून.

"आवं डाक्टर, शेरभर दूध आमच्या चाळीत कुनीबी पीत न्हाई. मालकाच्या घरी इचारा. आन् सहा म्हैने बसून कोन खातंय?"

मी खाली बघून चिठ्ठी लिहीत राहिलो. त्या दिवसापासून तिच्या औषधाचे पैसे घेणं मी बंद केलं, पण दुधाचं काय करायचं ते मला सुचलं नाही. पुण्याकडं वेड्यांचं मोठं इस्पितळ होतं. तिथं पाठवायचं तर मॅजिस्ट्रेटचा हुकूम हवा, सासरच्यांचं संमतीपत्र हवं. कृष्णातनं तात्याबाला लिहिलं. उलट टपाली उत्तर आलं: सरकारी कागदावर वेडी लागली की भत्ता बंद होईल, सबब संमती नाही.

ती मग माधवनगरच्या त्या एका खोलीतच राहिली. मनुबाई घरी चरख्यावर कांड्या भरायची. कारखान्यातून सुताची लड आणायची, मागाच्या धोट्यात बसणाऱ्या बारीक कांड्यांवर ती गुंडाळायची आणि टोपलीभर झाल्या की पोचत्या करायच्या. बनुबाईला एकटी सोडता येत नव्हती आणि कामही सोडता येत नव्हतं, म्हणून मनुबाईनं तिला आपल्या गुडघ्याला गुडघा लावून बसवली. बाकी काही नाही. चरखा फिरतोय, मनुबाई शेजारणींशी बोलतेय, मधेच नणंदेच्या तोंडात भाकरीचा घास घालतेय. असं तीन महिने चाललं.

आषाढात एक दिवस सूत तुटलं. मनुबाईनं गाठ मारली. शेजारून आवाज आला, "वैनी, गाठ मोटी झाली. धोट्यात आडकंल."

मनुबाईनं चरखा थांबवला. आठ-नऊ महिन्यांत त्या बाईनं धड वाक्य बोललेलं ते पहिलं. मनुबाई हुशार, तिनं गळ्यात पडून रडारड केली नाही. सूत पुढं करून म्हणाली, "मग तुमी मारा, वन्सं."

पुढं ती स्वतः कांड्या भरायला लागली. आधी दहा, मग टोपली. झोप येऊ लागली. दर पंधरा दिवसांनी ती माझ्याकडं यायची, आणि माझ्या औषधानं फरक पडतोय असं मी समजत होतो. ही समजूत त्याच वर्षाच्या थंडीत मोडली. सुताचा तुटवडा पडला, कारखान्याचे निम्मे माग बंद झाले, त्यात कृष्णातचा. खोलीत एकवेळ आंबील आणि एकवेळ काही नाही, असे पाच आठवडे गेले. ब्रोमाइड चालूच होतं. तिसऱ्या आठवड्यात बनुबाई डबे उघडून आत कान लावायला लागली. मग सूत आलं, माग सुरू झाले, चरखा फिरायला लागला. महिन्याभरात ती पुन्हा बोलायला लागली. पुढच्या उन्हाळ्यात एकदा पुन्हा तसंच झालं. मी माझ्या वहीत तिच्या नावापुढं औषधाच्या खाली सुताचा भाव लिहायला लागलो. चारुशीला, माझी पत्नी, ती वही बघून म्हणाली, "हे काय, दुकान काढताय की काय?"

पंचेचाळीसच्या दिवाळीला बनुबाई माझ्याकडं आली ती बरी बाई म्हणून. केस वाढले होते, अंगावर थोडं मांस आलं होतं. हौसाबद्दल बोलली आणि रडली. साधं, आई रडते तसं रडली. मला वाटलं, संपलं आता.

पंधरा दिवसांनी माधवनगरला तिच्या नावानं पत्र आलं. सयाजी जिवंत होता. जपान्यांच्या कैदेत साडेतीन वर्षं कुठल्याशा बेटावर काढून परतला होता आणि पुण्याच्या मिलिटरी इस्पितळात होता. फाल्गुनात घरी येणार होता. बनुबाईला घेऊन जायला तात्याबा स्वतः माधवनगरला आला.

निघायच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडं आली.

"डाक्टर, मला जायाच पायजे का?"

मी म्हणालो, "अहो, नवरा जिवंत आला. याहून आनंदाची गोष्ट कुठली?"

ती पदराची गाठ चाचपत राहिली. तिला आनंद झाला नव्हता असं नाही. त्याच्या पत्राची घडी तिनं पदरात बांधली होती. पण ती मला नवऱ्याबद्दल विचारत नव्हती, त्या घराबद्दल विचारत होती, आणि ते मला तेव्हा कळलं नाही. शेवटी म्हणाली, "मग मी बरी झाले असा कागद तरी द्या."

मी दिला. इंग्रजीत आणि मराठीत, सही करून, शिक्का मारून. बाहेर बाकावर बसलेल्या तात्याबानं आत येऊन तो वाचून घेतला आणि घडी करून मला परत केला.

"डाक्टरसाब, बऱ्या मानसाला कागद लागत न्हाई. ह्यो कागद बघितला की लोक म्हननार, व्हतीच येडी."

मी कागद खणात टाकला.

सासरी तिला मान नव्हता असं नाही, पण चूल नव्हती. स्वयंपाक नाथाजीची बायको करायची. नाथाजीचं लहान मूल तिच्या हातात कुणी द्यायचं नाही. ती जवळ गेली की कुणीतरी सहज येऊन त्याला उचलायचं. विळी आणि कोयता वर टांगलेले. सगळं न बोलता.

आणि सयाजी. तो उंच, बोलघेवडा ड्रायव्हर राहिला नव्हता. भाकरीचे तुकडे अंथरुणाखाली लपवायचा, कुणी मागून आलं की उडायचा. एखाद्या दिवशी तोंडच उघडायचा नाही. पण त्याला कुणी वेडा म्हटलं नाही. "लढाईचा शीन हाय," असं तात्याबानं गावाला सांगितलं आणि गावानं मानलं. पेन्शन त्याच्या नावानं येत होती. त्याच्यासाठी म्हशीचं दूध बाजूला काढायचे, अंडी आणायचे, आंब्याखाली बाज टाकायचे, आणि त्याच्याजवळ मोठ्यानं बोलायचं नाही अशी पोरांना ताकीद होती. माझ्या चिठ्ठीतलं सगळं तिथं मिळत होतं. फक्त ते तिच्यासाठी नव्हतं.

त्या वैशाखात रस्त्यावरून जाणाऱ्या एका लॉरीचा टायर फुटला. सयाजी धावत उसात शिरला आणि पालथा पडला. नाथाजी उचलायला गेला तर त्यानं त्याला खोऱ्याच्या दांड्यानं मारलं. चौघांनी धरून घरात आणलं. तात्याबानं लगेच माणूस वाईला पिटाळला. दोन तासांत डॉक्टरला घेऊन टांगा दारात. धोंडुबाई मुलाला वारा घालत होती. बनुबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. डॉक्टर इंजेक्शन देऊन गेल्यावर ती बोलली. ओरडली नाही, असं तिनं मला सांगितलं आणि माझा विश्वास आहे.

"आत्याबाई, माझी हौसा अकरा दिस खोकत व्हती, तवा टांगा कुठं व्हता? मी गोठ्यात व्हते, तवा कुठं व्हता?"

धोंडुबाईनं पंखा खाली ठेवला आणि हळूच तिच्या हातातला तांब्या काढून घेतला. नाथाजी, डोक्याला फडकं बांधलेला, उठून दारात जाऊन उभा राहिला. तात्याबा म्हणाला, "पुन्ना आलं वाटतं हिच्या अंगावर."

बनुबाईनं सगळ्यांचे डोळे बघितले. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "न्हाई, मामंजी. आपलं सहज आलं तोंडात. चहा ठिवू का?"

त्या वर्षीच्या भाऊबीजेला ती माधवनगरला आली, तेव्हा मला भेटायला आली. बाकावर बसली. तब्येत बरी होती, नाडी चांगली.

"रागावले तर येडी," ती म्हणाली. "हसले तर येडी. गप बसले तर म्हनत्यात, आता येनार. मग मी बसू कशी, डाक्टर? त्येवढं सांगा."

मी तिला जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. दुसरं काय देणार?

तिनं कृष्णातलाही विचारलं होतं, इथंच राहू का म्हणून. तो मागावर बारा तास उभा राहणारा माणूस, त्याला तेव्हा नुकतं दुसरं मूल झालं होतं. "बने, नवरा जिता असताना भावाच्यात राह्यलीस तर लोक काय म्हनतील?" तो म्हणाला. आणि मग मान खाली घालून, "जागा कुठं हाय, तूच बघ." मनुबाई त्याच्याशी त्यावरून दोन दिवस बोलली नाही. पण जागा नव्हतीच.

त्याच सुमारास तात्याबाच्या मनात सयाजीचं दुसरं लग्न करायचं आलं. वेडीच्या पोटचं मूल नको, असं त्याचं म्हणणं. दोन बायका करायच्या नाहीत असा कायदा नुकताच होत होता, पण गावात त्याचं कुणाला काय? सोयरीक बघायला पाहुणेही आले. सयाजी आंब्याखालून उठून आला आणि म्हणाला, "मला दुसरी नगं. ही जागी असली की मला झोप लागती."

लग्न मोडलं. लोक म्हणाले, बघा, नवऱ्याचा जीव आहे. होताच. पण त्याचा अर्थ असाही झाला की तो झोपेपर्यंत ती जागी राहायची, रोज. आणि झोप गेली की आपलं काय होतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? सयाजी दोन वर्षांत पुष्कळ सुधारला. मळ्यात जाऊ लागला, माणसांत बसू लागला. ती दुपारी उसाच्या सावलीत, कुणाला दिसणार नाही असं बघून, डुलकी काढायची. दिसली असती तर आळशी ठरली असती, किंवा दुसरं काही.

अठ्ठेचाळीसच्या पौषात तिला मुलगा झाला. तिसऱ्या आठवड्यात तिची झोप पुरती उडाली आणि मुलगा शेजारी झोपलेला असताना तिला त्याचं रडणं कणगीतून ऐकू यायला लागलं. यावेळी ती घाबरून स्वतःच सयाजीला म्हणाली, "पुन्ना आलंय. मला बांधू देऊ नगा." सयाजी उठून ओट्यावर जाऊन बसला आणि बापाला म्हणाला, "टांगा आना." टांगा आला. वाईचा डॉक्टर आठ दिवसांनी एकदा येत राहिला. धोंडुबाईनं सांजेची खीर केली, तूप घातलं, दूध दिलं, नातवाला स्वतः सांभाळून सुनेला दिवसादेखील झोपू दिलं. आईच्या अंगावरचं दूध आटलं तर नातू जगेल कसा, ही भीती होती. सहा आठवड्यांत बनुबाई बरी झाली. पहिल्या खेपेला पावणेदोन वर्षं लागली होती.

एकदा डोक्याला तेल लावताना धोंडुबाई मागून म्हणाली, "तवा बी आसंच कराया पायजे व्हतं, पोरी." बनुबाईनं मागं वळून बघितलं नाही. वळून बघितलं तर आपल्याला काय होईल याची तिला खात्री नव्हती. तेल लावून झाल्यावर ती उठली आणि मुलाला घेऊन बसली.

एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात कृष्णात एकटाच माझ्याकडं आला होता. कापसाची धूळ जाऊन त्याचा डोळा लाल झाला होता. बनुबाई आदल्या दिवाळीत भाऊबीजेलाही आली नव्हती. मूल लहान म्हणून सासऱ्यानं पाठवलं नव्हतं. मी विचारलं, "बहीण कशी आहे?"

"बरी हाय."

"बरी म्हणजे कशी?"

तो विचार करायला लागला. मागावर सूत तपासताना माणूस करतो तसा.

"काम करती. जेवती. झोप पयल्यापरीस बरी हाय. पोराचं समदं तीच बघती आता, कुनी काडून घेत न्हाई." मग त्यानं लाल डोळा चोळला. "बोलत न्हाई जास्त. आमी गेलो तरी आदी आजूबाजूला बघती, मग बोलती. मनूनं इचारलं, वन्सं, आता कशाचं भ्या हाय? तर म्हनली, भ्या न्हाई वैनी, सवय लागली."

मी त्याला बाकावर आडवा व्हायला सांगितलं आणि डोळ्यात थेंब टाकले. तो डोळा मिटून पडून राहिला. बाहेर चार-पाच रोगी बसले होते. जरा वेळानं तो उठला, मुंडाशानं गाल पुसला आणि दुपारपाळी चुकेल म्हणून माधवनगरच्या रस्त्याला लागला.